गारलंडला काढायचं की ठेवायचं

शनिवार, २५ नोव्हेंबर

हरलो. पलीकडच्यांकडून सलग पाचव्या वर्षी!

या मोसमात फुटबॉलचे अकरातले नऊ सामने जिंकलो आपण. त्याचं कुणाला काही नाही. नदीच्या पलीकडचं कॉलेज जिंकलं की आमच्या गावात वर्ष वाया गेलं, हिशोब संपला. आज मैदानातून बाहेर पडताना एक आजीबाई, ऐंशीच्या तरी असतील, मला म्हणाल्या, "मिस लव्हॉन, आता तरी त्या माणसाला घरी पाठवा." नातवाचा हात धरून, अगदी गोड आवाजात. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी इथे मी सगळ्यांची 'मिस'च.

'तो माणूस' म्हणजे गारलंड टाइस. आमचा कोच. आठ वर्षांपूर्वी मीच आणला. शाळेच्या पोरांना शिकवत होता तेव्हा, कुणी विचारत नव्हतं. आणि कॉलेजची क्रीडा संचालक म्हणून मी नवीन, त्यात बाई. बाईने नेमलेला कोच! लोकांनी दोघांनाही एकदमच नावं ठेवली. त्यामुळे आमची गट्टी जमली असावी.

एमेट जेवला नाही. नवरा माझा, पण पलीकडच्यांकडून हरलो की दोन दिवस सुतकात असतो. त्याच्या वडिलांना आमच्या संघाचा शर्ट घालून पुरलंय, त्यावरून काय ते समजावं.

रविवार, २६ नोव्हेंबर

चर्चमध्ये पाद्रीबाबांनी प्रार्थना केली — "ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांना प्रभूने धैर्य द्यावं." सगळी डोकी खाली आणि सगळे डोळे माझ्यावर.

बाहेर डनवे भेटले. विश्वस्त मंडळाचे अध्यक्ष. कोंबड्यांचे कारखाने त्यांचे, मैदानावरचे दिवेही त्यांच्याच नावाचे. म्हणाले, "मिस लव्हॉन, गारलंड भला माणूस आहे. पण भली माणसं मला चर्चमध्ये पुष्कळ भेटतात." मी म्हटलं, नऊ सामने जिंकलेत त्याने. "हो, नको तिथे." असं म्हणून टोपी घालून चालू लागले.

बुधवारी मंडळाची बैठक. माझी शिफारस मागितली आहे.

सोमवार, २७ नोव्हेंबर

गारलंड कचेरीत आला होता. दाढी वाढलेली. खुर्चीत बसला आणि कितीतरी वेळ नुसता टोपी फिरवत राहिला.

मीच विषय काढला. हरलो त्यात माझाही वाटा आहे ना? आमचा मुख्य खेळाडू कोल्बी परीक्षेत कॉपी करताना सापडला. नियमाने त्याला बाहेर बसवावं लागलं, ते मी बसवलं. ऐन पलीकडच्यांच्या सामन्याला. गारलंडने तेव्हा माझा खांदा थोपटला होता — "बरोबर केलंस, बॉस. पोरगं शिकेल." आज म्हणाला, "त्याबद्दल मनात काही आणू नकोस."

मग हळूच विचारलं, "मला काढणार का गं?"

आठ वर्षांत पहिल्यांदा त्याचा आवाज असा ऐकला. मी म्हटलं, मी आहे तोवर नाही. डोळे पुसत गेला.

मंगळवार, २८ नोव्हेंबर

मूर्ख बाई मी. शुद्ध मूर्ख!

काल रात्री पेपरवाल्याचा फोन आला, मी सरळ मनाने सांगून टाकलं — "गारलंडच्या पाठीशी मी पूर्ण उभी आहे. तो आमचा कोच आहे आणि राहील." सकाळी पहिल्या पानावर. एमेटने पेपर वाचला आणि कॉफीचा कप खाली ठेवला. "अगं, हे काय केलंस? आता तो गेलाच म्हणून समजतील सगळे."

आणि तसंच झालं. इथे कोचची नोकरी पक्की असली की कुणी बोलत नाही. 'पूर्ण पाठिंबा' आहे असं वरिष्ठांनी म्हटलं, की लोक कपाटातून सुतकाचे काळे कपडे बाहेर काढतात. मला माहीत नव्हतं का? वीस वर्षं या धंद्यात काढली! पण खरं बोलताना ते कसं ऐकू जाईल याचा विचार राहून जातो.

दुपारी गारलंडची बायको नॅडीन हिचा फोन. निम्मी हसत, निम्मी रडत. "लव्हॉन, माझ्या दारात रांग लागलीय. बटाट्याचं भांडं, शेंगांचं भांडं, पीचचे दोन केक, आणि मिसेस ओडम तर अख्खं हॅम घेऊन आली. माणूस मेलेल्या घरी आणतात तसं! गारलंड आत टीव्ही बघतोय आणि ही बया मला मिठी मारून म्हणते, तो आता चांगल्या जागी जाईल."

हसलो दोघी. मग ती एकदम म्हणाली, "मुलीचं शाळेचं शेवटचं वर्ष आहे गं. आत्ता हलवू नका आम्हाला."

बुधवार, २९ नोव्हेंबर

बैठक. टेबलाभोवती नऊ पुरुष आणि मी.

डनवे म्हणाले, बोला. बोलले. आकडे सांगितले, किती पोरं पदवी घेऊन बाहेर पडली ते सांगितलं, त्याच्या आधीच्या कोचच्या वेळी आपली काय दशा होती ते सांगितलं. कुणी छताकडे बघतंय, कुणी फोनकडे. एकाने विचारलं, "कोल्बी खेळला असता तर?" मी म्हटलं, कोल्बीचा निर्णय माझा होता, कोचचा नव्हे. त्याची शिक्षा गारलंडला देऊ नका.

तरी ढिम्म. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "गारलंडला काढायचं असेल तर आधी मला काढा." पर्स उचलली आणि बाहेर आले.

एमेट म्हणतो, रागाच्या भरात असली वाक्यं बोलू नयेत. समोरच्याने मनावर घेतलं तर? मी म्हटलं, घेऊ देत. गारलंडने माझ्यासाठी हेच केलं असतं.

शुक्रवार, १ डिसेंबर

अजून निर्णय नाही. गारलंड फोन उचलत नाही. नॅडीन म्हणते, हरणं मारायला गेलाय. डोकं शांत करायला. बरं आहे.

रविवार, ३ डिसेंबर

डनवेंचा स्वतः फोन! "अभिनंदन, मिस लव्हॉन. गारलंड राहतोय. मंडळाने तुमचं म्हणणं अगदी गंभीरपणे घेतलं." मंगळवारी दुपारी भेटायला बोलावलंय, पुढचं बोलू म्हणाले.

मी स्वयंपाकघरात नाचले. एमेटला ओढून नाचवलं. लगेच नॅडीनला फोन केला. तिला आधीच माहीत होतं. म्हणाली, "तू फार चांगली आहेस गं, लव्हॉन." आणि फोन ठेवला. थकली असेल बिचारी.

सोमवार, ४ डिसेंबर

गावात वेगळीच आवई. इथे लोकांना डनवेंच्या विमानाचा नंबर पाठ आहे. मोसम संपला की ते विमान कुठे गेलं, कुठून निघालं, हे फोनवर बघत बसतात. विमान नव्या कोचला आणायला जातं ना! आज ते टेनेसीला गेलंय, म्हणजे नवा कोच येतोय, झालं. मी दहा जणांना सांगितलं, बाबांनो, गारलंड राहतोय. मला बघून डोळे मिचकावतात. एमेटसुद्धा म्हणाला, जाऊन तर येऊ. करमणूक.

गेलो. धावपट्टीच्या कुंपणाला शेदोनशे माणसं, खुर्च्या मांडून, गोड चहाचे थर्मास घेऊन. विमान उतरलं. दार उघडलं. एक बाई उतरली. निळा कोट, हातात पिशवी. "ही कोण?" "कुणाची बायको?" पोरांनी शिट्ट्या मारल्या, निम्मी माणसं खुर्च्या आवरायला लागली.

मी ओळखलं. दोन वर्षांपूर्वी परिषदेत माझ्या शेजारी बसली होती. तिकडच्या कॉलेजात ती क्रीडा संचालक आहे. माझंच काम करते.

तिच्या मागून डनवे उतरले. आणि त्यांच्या मागून, शिकारीच्या जाकिटात, तिची बॅग उचलून — गारलंड. कालपर्यंत ज्याला घरी पाठवा म्हणत होते, त्याला लोकांनी टाळ्या वाजवल्या.

एमेटने माझा दंड धरला.

मंगळवार, ५ डिसेंबर

डनवेंकडे पाच मिनिटं लागली. राजीनाम्यावर सही, हातात हात. "तुम्हीच पर्याय सुचवलात," म्हणाले.

घरी आले तर पायरीवर गारलंड बसलेला. आत घेतलं नाही. तिथेच बोललो.

"शिकारीला डनवेंच्याच रानात गेलो होतो. ते म्हणाले, दोघांतलं एक ठेवणार. तू की ती, तूच सांग. लव्हॉन, मुलीचं शेवटचं वर्ष आहे."

"मग सांगितलंस."

"तुला कुठेही नोकरी मिळेल. मला कोण घेणार?"

"आणि कोल्बी?"

"ते मात्र तू करायला नको होतंस. त्यांना मी तेच सांगितलं."

"बरोबर केलंस म्हणाला होतास! खांदा थोपटलास माझा!"

"तेव्हा आपण हरलो नव्हतो ना."

शिव्या द्यायच्या होत्या, सगळ्या येतात मला, वडील ट्रकवाले होते माझे. एकही तोंडातून आली नाही. मी आत गेले आणि दार लावलं. बराच वेळ बसून होता मेला पायरीवर. मला त्याचं वाईट वाटावं म्हणून बसला होता. आणि मला वाटलंही, याचाच सगळ्यात जास्त राग येतोय.

बुधवार, ६ डिसेंबर

मिसेस ओडम हॅम घेऊन आली. मी घेतलं.

शनिवार, ९ डिसेंबर

नदीपलीकडून फोन आला. त्यांचे क्रीडा संचालक निवृत्त होताहेत, येणार का विचारलं. त्यांनी वाक्य पुरं करायच्या आत मी हो म्हणाले.

एमेटला अजून सांगितलेलं नाही.