पाचव्या दिवशीची लावणी

बिलोली, १७ ऑगस्ट

ती. वैजनाथदादांना नरसिंगचा नमस्कार.

इकडे ठीक आहे. तुमची भाची तनुजा परवा लातूरला परत गेली, कॉलेज बुडत होतं. निलंग्याकडे पाऊस कसा आहे? वहिनींचा गुडघा बरा असेल.

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. घरात बसवत नाही. शेतावर जाऊन येतो, आलो की पुन्हा जातो. हे पत्रसुद्धा तीनदा उठून लिहितो आहे.

त्या दिवशी तुम्ही भेटायला आलात आणि मी घरी नव्हतो. सुतकाचा पाचवा दिवस, आणि मी चिखलात उतरून सीमेपलीकडच्या, तेलंगणातल्या गुरम्माच्या मजूर टोळीबरोबर साळीचं रोप लावत होतो. बांधावरून तुम्ही म्हणालात, "नरसिंगराव, माझी बहीण जाऊन पाच दिवस झाले न्हाईत, आन तुम्ही लावणी करून राहिलात? गोदामात तांदूळ ठेवायला जागा न्हाई. तुमच्या अर्ध्या एकरावाचून देश उपाशी मरंल का?" पाणीसुद्धा न घेता गेलात.

तीस वर्षं सरकारी गोदाम सांभाळलेल्या माणसाला मी काय सांगणार? पण दिवाळीत तुम्ही साखराला असंच चिडवलं होतं, तेव्हा ती म्हणाली होती, "दादा, तुझ्या गोदामात तांदूळ आभाळातून पडतो व्हय? तितंबी कुठली तरी बाईच वाकती." तुम्हीच सगळ्यांत जास्त हसला होतात.

नांदेडच्या दवाखान्यात ती रोपाचेच दिवस मोजायची. पंचवीसचं झालं, तीसचं झालं, आता वाफ्यात ठेवलं तर जून होईल. शेवटच्या दिवशी दुपारी तिनं विचारलं, "लावलं का?"

मी म्हणालो, "हाव. कालच. गुरम्मा आली होती."

"वळी सरळ हायत ना?"

"हायत."

मग तिनं डोळे मिटले. दादा, रोप तेव्हा वाफ्यातच उभं होतं.

दहावा होईपर्यंत ते वायाच गेलं असतं. गुरम्माही आधी म्हणाली, "सुतकात नको, मालक." मी तिला खरं काय ते सांगितलं. तिनं पदर खोचला आणि ती चिखलात उतरली.

रोप जून झालं होतं, फुटवे कमी येतील. माझ्या हातच्या चार ओळी वाकड्याही आहेत. साखरानं पाहिल्या असत्या तर उपटून पुन्हा लावायला लावलं असतं.

सत्तावीसला महिना होतो. या. आधी शेतावर जाऊ. नंतर मला काय बोलायचं ते बोला.

तिच्याशी एकदाच खोटं बोललेला,
तुमचा नरसिंग