धवल्यात सुटलेलं नाव

आये, तुला पत्र लिहायचं म्हणजे गंमतच. तुला सहीपुरतं नाव लिहिता यायचं, पण तळवलीतल्या घराघरांच्या पिढ्या तोंडपाठ होत्या. तू गावची धवलारीण. लग्न निघालं की मांडवात बसून धवला गायचीस, गावदेवीपासून सुरुवात करून त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाच्या नावानं बोलवायचीस, आणि लग्न उरकलं की गाऊनच त्यांना परत लावून द्यायचीस. मला लाज वाटायची. मी न्हावा शेव्याला शिपिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट. माझी आई मेलेल्यांना हाका मारते, हे मी कुणाला सांगणार?

त्या ऑफिसातच मला ती कॅसेट मिळाली. कॅरिबियन बेटांवरच्या एका खलाशाची आई आजारी होती, त्याला मी साहेबांच्या फोनवरून घरी बोलू दिलं. जाताना त्यानं कॅसेट हातात ठेवली आणि मला समजेल अशा सोप्या इंग्रजीत सांगितलं. पश्चिम आफ्रिकेत ग्रिओ म्हणून गाणारी घराणी असतात, लोकांच्या वाडवडिलांची नावं पाठ ठेवणारी. तिथूनच त्याच्या लोकांना गुलाम करून बेटांवर नेलं होतं. कॅसेटमध्ये एक ग्रिओ भोपळ्याला तारा लावून केलेलं कोरा नावाचं वाद्य वाजवत गात होता, आणि बेटावरची माणसं तेलाच्या पिंपांचे तळ ठोकून केलेल्या वाद्यांवर त्याला साथ देत होती.

घरी येऊन मी ती मजा म्हणून लावली. तू तांदळाच्या भाकऱ्या थापते आहेस. थापता थापता तुझा हात थांबतो.

"नावां घेतं यो," तू म्हणालीस.

"तुला काय कळतंय त्याची भाषा?" मी खो खो हसले. तव्यावरची भाकरी करपली तरी तुझं लक्ष नाही.

"हसतेस कशाला? यो मानसांना बोलवतं. एक नाव सुटला तं तो मानूस मांडवाभायेर उबा ऱ्हातं. बोलवल्याबिगर आत येवाचा नाय, आन लावून दिल्याबिगर परत जावाचा नाय."

मग पिठाच्या हातानं मांडीवर ठेका धरून तू त्या पिंपांच्या तालावर आपला धवला म्हणायला लागलीस. तो तालात असा बसला की मीच कॅसेट मागं फिरवून पुन्हा लावली. नंतर रोज दुपारी तुला ती कॅसेट लागायची.

तुझ्यामागं गावात धवला म्हणणारं कुणी राहिलं नाही. गेल्या वर्षी माझ्या लेकीचं लग्न झालं. ती म्हणाली, "आई, मला आजीचा धवला पाहिजे, त्या कॅसेटवरच. डीजेला मी सांगते." हॉलमध्ये मी माइक धरून बसले. गावदेवी झाली, पणजोबा झाले, आजी झाली, बाबा झाले. मग तू. पिंपांचा ताल दोनदा फिरून आला आणि मी तोंड उघडं टाकून बसलेली. शेवटी पुढचं नाव घेतलं. लेकीनं पाठीवर हात ठेवला, "टेन्शन नको घेऊ गं, आजीचं नाव विसरलीस ना? होतं असं."

त्या दिवसापासून दुपारी पीठ मळायला बसले की सेफ्टी डोअरला बांगड्या लागल्याचा आवाज येतो. उघडलं तर जिन्यात कुणी नसतं. एकदा खाली जाऊन वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, "कोनी नाय आलं मॅडम." मला भीती वाटते, आये, तुझीच भीती वाटते. आणि एखाद्या दुपारी आवाज आला नाही, तर पीठ तसंच टाकून मी दाराशी जाऊन उभी राहते.

पुढच्या महिन्यात मुलाचं लग्न आहे. लेकीनं सगळी नावं मोठ्या अक्षरांत लिहून दिलीत, तुझ्या नावाखाली दोन रेघा मारल्यात. "या वेळी आजीला आत घे हं," म्हणते. मी मान हलवते. तिला हे पत्र दाखवणार नाही, आणि तुला पाठवायचं तरी कुठं?

तुझं नाव मी विसरले नव्हते, आये. ओठावर आलं होतं. पण ज्यांना बोलावतो, त्यांना लावूनही द्यावं लागतं. आज सकाळी धवला म्हणून बघितला, आणि तुझं नाव पुन्हा सोडलं.