अकरा नावांचा अर्ज

मंगळवार, ता. ३ मार्च १९३६. धारवाड

अंबू हुबळीहून एक कागद घेऊन आली. सरकी काढण्याच्या जिनातल्या बायकांचा अर्ज! तान्ह्या मुलांना पाजण्यासाठी दिवसातून दोनदा सुटी, एवढीच मागणी. मुले कापसाच्या ढिगाआड निजवतात. रडू नयेत म्हणून अफूचे बोट चाटवतात. माझ्या मुलीने शाळेतली नोकरी सोडून या बायकांचा संघ उभारला आहे. असे करणारी इकडची ही पहिलीच बाई, असे लोक म्हणतात. कौतुकाने नव्हे.

अर्जाखाली नाव एकही नाही. नुसते अंगठे — तेही वर्तुळात!

"असंच राहू द्या, अप्पा. पहिली कोण, शेवटची कोण, कळता कामा नये."

मी म्हणालो, याला अर्ज म्हणत नाहीत. अर्जदाराचे नाव, पतीचे नाव, राहण्याचे ठिकाण, अनुक्रमांक — त्यावाचून वाचणारा तो केरात टाकतो. छत्तीस वर्षे मी मुलांना हेच शिकवले.

"जिनात त्यांना नावानं कुणी ओळखत नाही, अप्पा."

"म्हणूनच!" मी म्हणालो. तिने कागद माझ्यापुढे सरकवला. मला वाटले, पटले.

रविवार, ता. ८

हुबळीस जाऊन अकराजणींची नावे स्वतः लिहून घेतली. पहिली चंद्रभागा, वयाने मोठी, जिभेने तिखट.

"नवरा मेलाय की, मास्तर. त्याचं नाव कशाला?"

"तसा नियम आहे."

"मेल्यावर बी पाठ सोडंना बघा ह्यो!"

सगळ्या हसल्या. अंबूही हसली. पुष्कळ दिवसांनी.

मंगळवार, ता. १०

जिनाच्या मालकांकडे अर्ज दिला. तीनदा तपासला होता. एकही चूक नाही.

गुरुवार, ता. १२

अकराहीजणींना आज फाटकावर अडवले.

जिनातली रीत मला आज कळली. हणमंत मुकादम पहाटे बायका घेऊन येतो आणि डोकी मोजून आत सोडतो. दप्तरात फक्त आकडा. मालकांना आजवर एकीचेही नाव ठाऊक नव्हते! आज हणमंताने माझा अर्ज हातात धरला आणि अनुक्रमाने एकेकीला बाजूला काढले. गावातल्या बाकीच्या जिनांतही नावे पोचली आहेत. कुठेच काम नाही.

अनुक्रमांक मी घातले होते.

शनिवार, ता. १४

मालकांकडे गेलो. बाळकृष्णशेठ उठून उभे राहिले, खुर्ची दिली, चहा मागवला.

"काय अक्षर हो, मास्तर! आम्हांला डोकी तेवढी माहीत. आपण ठावठिकाण्यासकट दिलंत."

मी अर्ज परत मागितला.

"दिलेला अर्ज परत घेता येतो का? नियम आपणच सांगा."

चहा प्यालो. का प्यालो!

रविवार, ता. १५

केलगेरीच्या तळ्यापर्यंत चालत गेलो. तसाच परतलो.

सोमवार, ता. १६

अंबू रागावत नाही. रागावली असती तर बरे झाले असते.

म्हणाली, "अप्पा, एक वाट आहे. मालकाच्या दारात कापसाच्या गाड्या खोळंबल्यात, हात कमी पडताहेत. त्याला बायका परत हव्या आहेत, पण पडतं घ्यायचं नाही. बायका माफी मागणार नाहीत. तेव्हा तुम्ही लिहून द्या — नावं कुणी सांगितली नव्हती, तुम्हीच मनानं घातलीत. मग अर्ज त्यांचा ठरतच नाही, माफीचा प्रश्नही उरत नाही."

"मी? खोटे लिहू?"

"हो."

"आणि मागणी?"

"ती आज राहील. आधी चुली पेटू देत."

माझी सही कधी कुणी तपासून पाहिली नाही. या गावात माझ्याजवळ दुसरे आहे काय?

मंगळवार, ता. १७

लिहून दिले. "सदर अर्जातील अकराही नावे मी केवळ कल्पनेने लिहिली. एकाही स्त्रीने मला आपले नाव सांगितले नव्हते." खाली पूर्ण नाव, ठिकाण, तारीख. अंबूने वाचले, घडी घातली. "गाडी चुकेल," म्हणाली, आणि निघाली. मी दाराशी उभा.

गुरुवार, ता. १९

दहाजणी कामावर घेतल्या. चंद्रभागा बाहेर. मालकांसमोर म्हणाली, "बाकीच्यांचं मला ठावं न्हाई. पहिलं नाव माझंच हाय, म्याच सांगितलं. मास्तरांना खोटं म्हणू नका."