हवाबंद घराचे काही प्रश्न

कॉरीनागर, काउंटी लेट्रिम
५ मार्च

प्रिय मॅलकी,

कसा आहेस? तिकडे नॉर्वेत अजून बर्फ असेल. इकडे पाऊस आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. बाबा बरे आहेत. कुत्रा बरा आहे. मी अजून शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे पोरांचे बटाटे उकडते आणि घरी येऊन आम्हा दोघांचे.

आठ वर्षांत नाताळच्या कार्डापलीकडे आपलं लिहिणं झालं नाही, आणि आता एकदम पत्र, म्हणजे बहीणबाईंचं काहीतरी काम असणार, असं तू म्हणशील. आहेच काम. मी घर बांधतेय. हसू नकोस. जुन्या घराशेजारच्या तुकड्यात दोन खोल्या, स्वयंपाकघर, न्हाणीघर. पाया झालाय, भिंती खिडक्यांच्या खालपर्यंत आल्यात. तू तिकडे बांधतोस तसलंच हवाबंद घर बांधायचंय, आणि पुस्तकं वाचून माझं डोकं उठलंय. म्हणून विचारते.

खिडकीची चौकट भिंतीला जिथे लागते तिथली चिकटपट्टी गिलाव्याच्या आधी लावायची की नंतर? एक पुस्तक एक सांगतं, दुकानदार दुसरंच. विजेच्या बटणांच्या डब्यांमागून वारा येतो म्हणतात, तो कसा अडवायचा? आणि हवा बदलणारं ते यंत्र कुठे बसवायचं, म्हणजे त्याची घरघर ऐकून बाबा त्याच्याशी भांडणार नाहीत? त्यांना ते यंत्र मुळीच पटलेलं नाही. खोली म्हटली की भिंतीला हवेसाठी एक भोक हवंच, म्हणतात. मी म्हटलं, बाबा, त्या भोकात आयुष्यभर तुम्ही तुमचा लोकरी मोजा कोंबून ठेवलात. तर म्हणे, मोजा काढता येतो.

एवढंच विचारायचं होतं. बाकीच्या गोष्टींबद्दल मी काही लिहीत नाही, तूही लिहू नकोस. फोन नको, फोनवर तू नुसतं ‘हं’ म्हणतोस.

तुझी,
अट्रॅक्टा


कॉरीनागर
१४ जून

प्रिय मॅलकी,

तुझा कागद मिळाला. कागदच म्हणते, कारण त्याला पत्र म्हणायला वर ‘प्रिय’ नाही आणि खाली नाव नाही. मी विचारले तीन प्रश्न, तू उत्तरं दिलीस अकरा. तरी उपकार झाले बाबा. पट्टी गिलाव्याच्या आधी लावली, तिची जाळीदार कड गिलाव्यात दडवली. डब्यांच्या मागे ओला गिलावा ठासून मग त्या बसवल्या. यंत्र न्हाणीघराच्या माळ्यावर गेलं.

भांडण झालं ते तुझ्या आठव्या मुद्द्यावरून. गिलावा थेट जमिनीला टेकला पाहिजे, खाली लाकडी पट्टी येणार असली तरी, असं तू लिहिलंस. तुला माहीतच आहे, आपल्याकडे कुठला गवंडी तिथवर जातो? पट्टीच्या मागे कोण बघतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि आपले बाबा तर पन्नास वर्षं या परगण्यातल्या भिंतींना गिलावा करणारे. म्हणाले, “हे कोणत्या शहाण्यानं सांगितलं?” मी म्हटलं, एक जाणकार आहेत. त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला, चष्मा लावला आणि त्यावर तू काढलेली आकृती बघत बसले. मग म्हणाले, “सातचा आकडा असा काढणारा एकच माणूस मला माहीत आहे.”

बाकीचं घर त्यांच्या कामावरच्या जुन्या जोडीदारानं केलं, पण स्वतःच्या खोलीतली ती तळाची वीतभर ओळ बाबांनी स्वतः केली. गुडघ्याखाली उशी घेऊन, चारही भिंती. हातभर करायचे आणि थांबायचे. तीन दिवस लागले.

थांबायचे ते दम्यामुळे. मागच्या पत्रात मी बरे आहेत असं लिहिलं. तितके बरे नाहीत. दोन हिवाळे रुग्णालयात काढले. जुन्या घराची ओल त्यांना आणखी एक हिवाळा सोसणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलं. घर त्यासाठी आहे. थंडीच्या आधी त्यांना तिथे हलवायचंय, आणि खरं सांगायचं तर मला ते एकटीनं करायचं नाहीये.

आई गेली त्या दिवसाचं मी लिहिणार नाही म्हटलं होतं. पण तो दिवस आपल्या दोघांमध्ये बसलेला आहे आणि मी चिकटपट्ट्यांबद्दल लिहितेय. फेब्रुवारीची सकाळ होती. शेवटचा श्वास गेला, तसे बाबा खिडकी उघडायला उठले. आईचा जीव बाहेर जायला वाट नको का? आणि खिडकी उघडेना. सगळ्या फटींत रबरासारखं सुकलेलं सिलिकॉन भरलेलं. त्यांनी बोटांनी खरवडलं, चाकूनं खरवडलं. थंडी आत येऊ नये म्हणून महिनाभर आधी त्या खिडकीचं काम तू केलं होतंस, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मग अर्ध्या गावासमोर ते तुला म्हणाले, “तू तिला आत कोंडलंस.” तू मातीपर्यंत थांबलास आणि गेलास.

पुढचं मला आज लिहवत नाही.

सप्टेंबरच्या २४ तारखेला परीक्षा आहे. दारात पंखा लावून घरातली हवा ओढतात आणि घर कुठे गळतं ते बघतात, ती. गळतीचा आकडा ०.६ च्या आत यायला हवा ना?

तुझी बहीण,
अट्रॅक्टा


कॉरीनागर
२६ सप्टेंबर

प्रिय मॅलकी,

आधी निकाल सांगते, नाहीतर तू पत्र शेवटून वाचशील, तुझी जुनी खोड आहे ती. पास झालो. पण दुसऱ्या फेरीत, आणि त्या दोन फेऱ्यांमध्ये जे झालं त्यासाठी हे पत्र आहे.

परीक्षेच्या बाई सकाळी दहाला आल्या. दारात लाल कापड ताणलं, पंखा बसवला, यंत्राची तोंडं बंद केली. बाबा कोट घालून, टोपी घालून स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते, जणू त्यांचीच परीक्षा. पंखा फिरला आणि आकडा आला एक पूर्णांक एक. सहा महिने मी भोकं बुजवत होते, स्वप्नातसुद्धा.

मग शोध सुरू झाला. हात ओला करून भिंतींवरून फिरवायचा, वारा लागतो का बघायचं. डब्यांमागून वारा नाही, माळा ठीक. जमिनीलगतच्या ओळीत कुठे केसभर फट नाही, त्या बाई म्हणाल्या, असा गिलावा मी इकडे पाहिला नाही. बाबा खाली मान घालून बसलेले. एवढी स्तुती झाली तरी हा माणूस गप्प कसा, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

वारा बाबांच्या खोलीत लागला. खिडकी बंद, कडी फिरवलेली, तरी चारही कडांनी फुरफुर हवा येत होती. बाईंनी खिडकी उघडली आणि म्हणाल्या, “हिच्या रबराच्या पट्ट्याच नाहीत.” मी दुकानदाराला शिव्या द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागे बाबा येऊन उभे राहिले. त्यांनी कोटाच्या खिशात हात घातला आणि ते काळं रबर बाहेर काढलं. नीट गुंडाळलेलं, वर दोरी बांधलेली.

म्हणाले, “घर तुझं आहे, पोरी. पण मी बंद खोलीत मरणार नाही. तुझ्या आईचं जे झालं ते माझं नको.”

मॅलकी, त्या बाई शहाण्या, पाणी प्यायला निघून गेल्या. आणि मी सांगितलं. आठ वर्षं जे सांगितलं नाही ते तिथे उभ्या उभ्या सांगितलं.

तू खिडकीला नुसती फोमची पट्टी लावली होतीस. खिडकी उघडत होती. तू डब्लिनला कामावर परत गेलास आणि आठवड्यानं वादळ आलं, आईचे ओठ थंडीनं निळे पडले, आणि तू कपाटावर ठेवून गेलेली ती सिलिकॉनची नळी मी घेतली आणि पूर्ण रिकामी केली. एक फट सोडली नाही. खिडकी उघडायची वेळ येईल हा विचारच मनात येऊ दिला नाही, कारण तो केला असता तर ती जाणार हे मानावं लागलं असतं.

आणि तुला हे माहीत होतं. तुझं काम तुला कळत नाही का? बाबा ओरडले तेव्हा तू माझ्याकडे पाहिलंस. एकदाच. आणि मी किटली भरायला गेले. घर माणसांनी भरलेलं, चहा हवाच होता, असं मी स्वतःला आठ वर्षं सांगत आले. तू एक शब्द बोलला नाहीस. माझ्यावरचं आपल्या अंगावर घेऊन देश सोडून गेलास, आणि मी तुला चिकटपट्टी आधी की नंतर ते विचारत बसले. मला माफ कर म्हणायची माझी लायकी नाही, तरी म्हणते.

बाबा पलंगावर बसले. त्यांच्या छातीची शिट्टी ऐकू येत होती. मला वाटलं आता आठ वर्षांपूर्वीचे शब्द माझ्या वाट्याला येणार, आणि यायलाच हवे होते. ते म्हणाले, “तू थंडी अडवत होतीस. तो पण थंडीच अडवत होता. आणि मी काय बोललो.” मग डोळे पुसले, टोपीनंच. मग मला म्हणाले, ती खिडकी उघड आणि बंद कर. मी केली. पुन्हा कर. सात-आठ वेळा केली. एका बोटानं उघडते रे ती. मग त्यांनी स्वतः उठून दोरी सोडली आणि रबर परत बसवलं, कोपऱ्यांत अंगठ्यानं दाबून दाबून.

दुसऱ्या फेरीत आकडा ०.५ आला. बाईंनी कागदावर सही केली आणि बाबांनी त्यांना राखून ठेवलेली व्हिस्की पाजायचा आग्रह केला. त्या गाडी चालवणार होत्या, म्हणून बाबा स्वतःच प्यायले.

ऑक्टोबरच्या शेवटी आम्ही तिकडे राहायला जातो. छातीची शिट्टी आहे तशीच आहे, पण डॉक्टरीणबाई म्हणतात कोरड्या घरात अजून काही हिवाळे निघतील. दुसऱ्या खोलीत पलंग टाकलाय. तो कोणासाठी हे बाबांनी विचारलं नाही, गादी मात्र दोनदा दाबून बघितली.

आता प्रश्न. या वेळचा माझा नाही, बाबांचा आहे, शब्द त्यांचेच लिहिते. “वेळ आली की खिडकी उघडायची, हे ठरलं. पण तेव्हा ते यंत्र चालू ठेवायचं की बंद करायचं? नाहीतर निघालेला जीव तेच परत आत ओढेल.” मी म्हटलं, विचारते. तर म्हणाले, उत्तर कागदावर नको. त्यानं येऊन, यंत्रासमोर उभं राहून मला समजावून सांगावं. मला ऐकायला कमी येतं, दोन-तीनदा सांगावं लागेल. आठवडाभर तरी लागेल.

त्यांना ऐकायला अगदी स्वच्छ येतं.

ती खिडकी जिनं बंद केली ती, तुझी बहीण,
अट्रॅक्टा