दूधभावाच्या हातचं काम

कुवैरा, १४ ऑक्टोबर

सायल,

सलाम. तू, वहिनी, लेकरं सगळी खुशाल असाल. आम्हीही ठीक. आपली बहीण विदाद माहेरपणाला आली आहे, आल्यापासून माझ्या स्वयंपाकाची टिंगल चालू आहे. वारा फार सुटलाय. तुला फोनच करणार होतो, पण तुझं ते "काय रे म्हाताऱ्या!" ऐकलं की मला हसू फुटतं, आणि या वेळी मला हसायचं नाही.

नक्बच्या घाटात माझा ट्रक बिघडला, हे तुझ्या कानावर आलं असेलच. उतारावर ब्रेक दाबला तसं स्टिअरिंग हातात थडथडायला लागलं. मग उजव्या चाकातून खाडकन आवाज आला आणि गाडी डावीकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर ओढायला लागली. गिअर पाडत पाडत कशीबशी कडेच्या वाळूत घातली. अल्लाची कृपा. ट्रेलरला फारसं लागलं नाही.

ओढून न्यायला फलाह आला. तुझा सख्खा भाऊ आहे म्हणून म्हणत नाही, पण माणूस खरंच चांगला. साखळी अडकवायला मी त्याच्या ट्रकखाली शिरलो, आणि तिथेच थांबलो.

"ब्रेकच्या कोऱ्या डिस्क घातल्यास की रे!"

"सायलने घातल्या. म्हणाला, आपल्या या खटाऱ्यांना आता कुठे मिळतात, नशीब समज. का? तुझ्याही त्यानेच बदलल्या ना?"

"बदलल्या ना," मी म्हणालो.

त्याला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्यावर डाफरू नकोस.

घरी येऊन उजवं चाक मी स्वतः खोललं. डिस्क मधोमध तडकलेली, आतून पार कडेपर्यंत. चंदेरी रंग खरवडला तर खाली गंज, आणि कडेला माझ्याच हातोडीची खाच. गेल्या वर्षी जाम झालेलं चाक ठोकताना पडलेली. म्हणजे माझीच जुनी डिस्क, लेथवर घासून रंगवलेली! ज्या जोडीसाठी मी झरकातली सगळी दुकानं पालथी घातली, जी खोक्यासकट तुझ्या हातात दिली, ती फलाहच्या चाकात फिरते आहे. मागितली असतीस तर दिली असती रे. मी माझा ट्रक उभा करून ठेवला असता. तू मागितलीच नाहीस.

दुसरा मिस्त्री असता तर चाक चढवण्याआधी मी वाकून बघितलं असतं. तू काम करत होतास आणि मी खुशाल चहा पीत बसलो. एकाच आईच्या अंगावर प्यायलेल्या भावाचं काम तपासायचं? आपल्यात असं कुणी केलं तर लोक त्याच्या तोंडावर थुंकतील. तुला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच केलंस.

काल तबूकच्या एका ड्रायव्हरने दुसरी जोडी आणून दिली. हब उतरवला, नव्या डिस्कवरचं तेल पेट्रोलने पुसून काढलं, दोन्ही बाजू बसवल्या, बोल्ट आवळले. मग पुन्हा सगळे तपासले, आणि परत एकदा. आता मला कुणाच्याच हातचं खरं वाटत नाही, माझ्याही.

एक गोष्ट मी फलाहला सांगितली नाही, तूही अजून ऐकली नसशील. त्या दिवशी आई माझ्या शेजारी बसली होती. अम्मानला डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, पट्टी तशीच, म्हणून तिला घेऊन परतत होतो; फलाह यायच्या आत तिला दुसऱ्या गाडीने घरी धाडलं. चाक किंचाळायला लागलं तसा तिने माझा दंड धरला.

"मुतलक, ब्रेकचं काम कुणी केलंय?"

"सायलने, आई."

"मग काही होत नाही," ती म्हणाली. दंड सोडला आणि मागे टेकून बसली.

सायल, मी त्या घाटात मेलो असतो तरी तुला माफ केलं असतं. पण ती मागे टेकून बसली, हे मी माफ करू शकत नाही.

तिला मी सांगितलंय की दगड लागला. तुझी आई बाळंतपणात तापाने फणफणली होती तेव्हा हिने मला बाजूला ठेवून आधी तुला पाजलं, हे ती अजून सगळ्यांना कौतुकाने सांगते. पाजलेलं दूध परत घेता येत नाही. रोज विचारते, सायल का येत नाही.

तू ये. पण या घरात तू आजवर कधी दारात खाकरला नाहीस. परका पुरुष खाकरतो, बायका डोकं झाकून घेतात, मग त्याला आत बोलावतात. दूधभाऊ म्हणजे सख्खाच, तू सरळ चुलीपाशी यायचास. आता येशील तेव्हा दारात थांब आणि खाकर. विदाद डोकं झाकून घेईल, तिला मी सांगून ठेवलंय. आई आतून विचारेल, "सायल, तू आणि खाकरतोस?" तिला काय सांगायचं, ते तुझं तू ठरव.

तुझं एक गिऱ्हाईक,
मुतलक