निवडलेले दाणे

रिहे, ऑक्टोबर २००४

प्रिय नलूताई,

कॉन्व्हेंटच्या पायरीवर शेंगा खाताना कडू दाणा तू गुपचूप खायचीस आणि चांगला माझ्या हातावर ठेवायचीस. यंदा आमच्या शेंगा ओल्याच पोत्यात भरल्या गेल्या. चांगले दाणे मी तुझ्यासाठी निवडले आणि बुरशी लागलेले भाजून स्वतः खाल्ले. कामाला येणारी शुभांगी म्हणाली, “बाई, कोंबड्या बी तोंड लावत न्हाईत, तुमी कशाला खाताय?” मी हसले.

आता माझे डोळे पिवळे झालेत. डॉक्टर म्हणाले, बुरशीचं विष भाजूनही जात नाही. उद्या तपासणी आहे. मला फार भीती वाटतेय. तुला घाबरवायचं नाही, म्हणून रिपोर्ट येईपर्यंत हे पत्र उशाखालीच राहील.

काही झालंच तर मोत्यांच्या कुड्या तुझ्या जान्हवीला दे, शिलाई मशीन शुभांगीला. तुझ्यासाठी निवडून इथेच ठेवलेले दाणे मात्र कुणालाच देऊ नकोस, पुरून टाक. तेही त्याच पोत्यातले आहेत.

तुझी धाकटी,
कुमुद