खाचरातला विंगर

जव्हार,
जानेवारी, बुधवारची दुपार

प्रिय मनराज,

पापांचं पत्र बघून दचकू नकोस. घरी सगळे ठीक आहेत. रोज फोन होतो, मग पत्र कशाला, असं तुला वाटेल. पण फोनवर बोलताना मम्मी शेजारी असते, स्पीकर चालू असतो आणि तेवढ्यात गॅरेजातल्या रघ्याला नेमका चौदाचा पाना हवा असतो. काही गोष्टी अशा गडबडीत बोलता येत नाहीत. मराठीत लिहितोय, कारण मला लिहिता येते ती हीच भाषा. माझे वडील, दारजी, इथं लाकडाचा ट्रक घेऊन आले, जव्हारच्या घाटात ट्रक बिघडला आणि दुरुस्त करता करता त्यांनी गॅरेजच टाकलं. त्या धावपळीत मला गुरुमुखी शिकवायचं राहून गेलं. तुझ्या मम्मीचं उलटं आहे. ती बाजारात मराठीतून अशी भांडते की भाजीवाली हात जोडते, पण मराठी अक्षर तिला लागत नाही. आत्ताच दारात येऊन विचारून गेली, "एवढं काय लिहिताय, आरटीओला अर्ज?" मी हो म्हटलं.

रविवारी तू दोन्ही करार समजावून सांगितलेस. जालंधरचा तुझा क्लब आणखी तीन वर्षांसाठी ठेवून घेतोय आणि राहायला घर देतोय. मुंबईचा क्लब नावाने मोठा आहे, पण तिथं तुझ्या जागेवर खेळणारे आधीच तिघं आहेत. तू म्हणालास, "तुम्ही दोघं इकडे आलात तर जालंधर, नाहीतर मी मुंबई घेतो. निदान सुट्टीला जव्हारला येता येईल." मी एक क्षणही थांबलो नाही. म्हटलं, आम्ही कुठं येतोय आता, तुझी मम्मी इथं रुळलीय, तू मुंबईच घे. मम्मी म्हणाली, "पापा म्हणतात ते बरोबर आहे." तू ठीक म्हणालास. महिना संपायच्या आत तुला सही करायची आहे. त्या फोनपासून मी जुनंच आठवत बसलोय.

परवा एका जीपचा तुटलेला स्प्रिंगचा पाटा बघायला दाभोशाला गेलो होतो. भात कापून झालंय, खाचरं मोकळी पडलीत. कान्हाच्या बापाच्या ज्या खाचरात तुम्ही खेळायचात, तिथं आता लहान पोरांनी बांबूचे गोल रोवलेत. मी बांधावर बसलो. डोळ्यांपुढे तूच होतास, केसांच्या जुड्यावर निळा पटका आणि पायाला भाताची धसकटं टोचून रक्त. त्या खाचराची एक बाजू डोंगराकडे आणि दुसरी सरळ खाली नदीकडे. त्या बाजूने खेळायला कुणी तयार नसायचं, म्हणून तुला, बाहेरच्या पोराला, तिथं उभं केलं. आणि तुमचा तो कायदा, की ज्याने बॉल खाली घालवला त्यानेच तो आणायचा. दरीत उतरून परत येईस्तोवर अर्धा खेळ संपलेला असायचा. कान्हा वरून ओरडायचा, "ए सरदारा, तूच घातलास ना, मग तूच जा आनाला! आन् येताना करवंदा पन आन!" तू रडवेला होऊन घरी यायचास आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटली की दाभोशाच्या जीपच्या टपावर असायचास.

त्या कायद्यामुळे तू बॉल जमिनीला चिकटवून खेळायला शिकलास आणि त्याच्यामुळेच तुझी पहिली निवड जवळजवळ हुकली. मोखाड्याचे पुंजा सर तुला पालघरला घेऊन गेले, ते मैदान आठवतं? चुना मारलेलं, सपाट, चारी बाजूंनी मोकळं. तू उजवीकडून वाऱ्यासारखा जायचास आणि रेषा चार पावलांवर आली की गपकन थांबायचास. पुन्हा जायचास, पुन्हा थांबायचास. निवड करणाऱ्यांना वाटलं, पोरगा घाबरट आहे. सर कपाळाला हात लावून मला म्हणाले, "सरदारजी, पोराच्या पायात ब्रेक कोणी बसवला? तुमच्याच गॅरेजात का?" शेवटी निवड करणाऱ्या एका साहेबांनी तुला हाक मारून विचारलं, की रेषेपलीकडे काय आहे रे? आणि तू, बारा-तेरा वर्षांचा, सरळ सांगून टाकलंस, "दरी आहे, सर." ते इतके हसले की त्यांनी तुला पुन्हा खेळवलं. त्या वेळी मी शरमेने मान खाली घातली होती. आज टीव्हीवरचा माणूस तुझ्या त्याच थांबण्याचं कौतुक करतो. समोरचा बचाव करणारा वेगात पुढे निघून जातो आणि तू बॉलसकट जागेवर. गेल्या मोसमातला तुझा पहिला गोल तसाच झाला. तो बिचारा घसरत जाहिरातीच्या फळ्यांवर आदळला आणि तू आत वळून जमिनीलगत मारलास.

मी लोकांना नेहमी सांगतो, की मनराजला फुटबॉल दाभोशाने दिला. ते खरंच आहे. पण एक गोष्ट मी कुणाला सांगत नाही. तू सातवीत असताना तुझी परीक्षा तोंडावर आली होती आणि तुला ओढून आणायला मम्मी माझ्याबरोबर दाभोशाला आली होती. आम्ही बांधावर पोचलो आणि बॉल घरंगळत तिच्या पायाशी आला. मी वाकणार तेवढ्यात तिने सलवार जराशी वर धरली, एक पाऊल मागे गेली आणि पायाच्या आतल्या बाजूने असा मारला की बॉल सरळ कान्हाच्या छातीवर. खेळ थांबला. कान्हा म्हणाला, "काकी, तुमी कुठं शिकल्या?" ती म्हणाली, "तीन भाऊ आहेत मला." बस. मग तुझा कान धरून तुला जीपमध्ये घातलं. वाटेत मला कळलं, की तिच्या माहेरी, पंजाबात माहिलपूरच्या बाजूला, गहू कापल्यावर सगळी पोरं शेतात फुटबॉल खेळतात आणि भावांना माणूस कमी पडला की हिला बोलवायचे. आमच्या लग्नाला तोवर पंधरा वर्षं होऊन गेली होती. मला हे माहीत नव्हतं, कारण तिचं गाव कसं आहे हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं. लग्न करून आणली आणि जव्हार दाखवलं. हा राजवाडा, हा सनसेट पॉइंट, हे आपलं गॅरेज.

दहावीनंतर तुला पंजाबात मामाकडे ठेवायचं तिनेच ठरवलं. मी म्हणत होतो, पोर एवढ्या लांब कसं राहील? ती म्हणाली, "मी नाही का राहिले?" मी ते हसण्यावारी नेलं. तुला सोडायला कल्याणपर्यंत मी आलो. ती आली नाही. म्हणाली, गॅरेज कोण बघणार. रघ्या तेव्हाही होताच की गॅरेजात.

मग जालंधरच्या क्लबातली ती दोन वर्षं. आधी राखीव संघ, मग घोट्याची दुखापत, मग नुसतं बाकावर बसणं. बूट घालून तयार व्हायचं आणि न खेळता बूट काढायचे. एका संध्याकाळी तू फोनवर मला म्हणालास, "पापा, मी परत येतो. गॅरेजात बसतो." खरं सांगू, मला आत कुठंतरी बरं वाटलं होतं. मम्मीने माझ्या हातातून फोन घेतला आणि ती मागच्या अंगणात गेली. बऱ्याच वेळाने आली आणि एवढंच म्हणाली, "येत नाहीये तो." ती तुला काय बोलली ते तिने सांगितलं नाही, तूही नाही. त्यानंतर दोनच महिन्यांत तू पहिल्या संघातून मैदानात उतरलास.

त्या दिवशी गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. रघ्याने टीव्ही टायरच्या थप्पीवर ठेवला होता. कान्हा जीपच्या दोन फेऱ्या सोडून आला, त्याची आई सकू नाचणीच्या भाकऱ्या बांधून आली, पुंजा सर मोखाड्याहून मोटारसायकलवर आले. जालंधरला धुकं होतं, खेळ उशिरा सुरू झाला. तू शेवटची वीस मिनिटं खेळलास आणि मी तुझ्यावरची नजर काढली नाही. तुझी मम्मी मात्र भलतीकडेच बघत होती. "ते बघा, मागे सफेद्याची झाडं, तुमची निलगिरी." "ती पुढच्या रांगेतली बाई बघा, कशी गळा फाडून ओरडतेय, अगदी माझ्या मावशीसारखी." धुक्यात तू कुठं आहेस हे आम्ही शोधत होतो आणि ती म्हणाली, "असं धुकं पडलं की शेजारचं घरसुद्धा दिसायचं नाही." कान्हाला कुठलं गप्प बसवतंय. तो म्हणाला, "काकी, तुमी मॅच बघता का मायेर बघता?" सगळे हसले, तीही हसली. मग चहा टाकते म्हणून उठली आणि खेळ संपला तरी चहा आला नाही. मी आत गेलो. गॅसही पेटवला नव्हता. ती ओट्याला टेकून उभी होती. मी समजलो, पोराच्या आनंदाने भरून आलंय. बाहेर येऊन तसंच सगळ्यांना सांगितलंही.

मनराज, तुझ्या नानी गेल्या तेव्हा पावसाने घाट बंद होता आणि मम्मी माहेरी पोचली तोवर सगळं आटपलं होतं. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ती डबा घेऊन गॅरेजात आली. रुळलीय, असं मी रविवारी तुला म्हणालो, ते बहुतेक हेच बघून.

हे सगळं आज लिहायचं कारण सोमवारी घडलं. मागच्या अंगणात ती दर वर्षी दिवाळीनंतर मोहरीचा वाफा करते. आपल्या मातीत ती जेमतेम गुडघ्याएवढी होते, पण एका रविवारी तरी तिच्या हातचा मोहरीच्या पाल्याचा साग जेवायला मिळतो. यंदा तिने बी टाकलंच नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "बघू." मला वाटलं, कंबर धरली असेल. तुझ्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर ती खुरपं घेऊन वाफा उकरत होती. मी म्हटलं, अगं, आता जानेवारीत? हंगाम गेला. मान वर न करता म्हणाली, "इथंच राहायचं तर भाजी लागेल की." मी अंघोळीचा टॉवेल खांद्यावर टाकून तिथंच पायरीवर बसलो. दिवाळीत तू नव्या कराराचं बोललास तेव्हापासून ती तिकडे जायची वाट बघत होती आणि मी तिच्या वतीने नाही म्हणून मोकळा झालो. माझा विचार करू नकोस. रघ्या गॅरेज माझ्याइतकंच चांगलं चालवेल, आणि गाड्या काय, जालंधरलाही बिघडतातच. मुंबईची सही करू नकोस, थांब. हे पत्र मिळालं की सकाळी अकराच्या सुमारास मम्मीच्या मोबाइलवर फोन कर. तेव्हा मी गॅरेजात असतो. मला विचारलंस ते तिला विचार. ती म्हणेल, पापांना विचार. मग म्हणेल, आता या वयात कुठं. मग म्हणेल, तुझ्या पापांना तिकडे करमायचं नाही. तू फोन ठेवू नकोस.

तुझाच,
पापा